कौतिकराव झोपून चालतात

माणूस पायांनी चालतो हा समज आता मागे पडला आहे. माणूस मेंदूनं चालतो. पाय हे निव्वळ शिपाई. हुकूम वरच्या कचेरीतून निघतो, आणि तो पोचला नाही तर शिपाई जागचा हलत नाही. बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या कौतिकरावांना हे ऐकताक्षणी पटलं, कारण त्यांची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली होती.

मागल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा हलकासा झटका येऊन गेला आणि डावा पाय जरा ओढला जाऊ लागला. तेव्हापासून घरात नियम झाला, की बाबांनी एकट्यानं बाहेर पडायचं नाही. नियम प्रेमाचा होता. (प्रेमाच्या नियमाविरुद्ध अपील करता येत नाही.) कौतिकरावांना फार काही नको होतं. संध्याकाळी पायी राजघाटावर जावं, तापीकडे बघत घटकाभर बसावं आणि परत यावं. सोबतीला मात्र कुणीतरी हवं. मुलगा नंदकुमार संध्याकाळी केळीच्या गाड्या भरून देण्यात असे आणि सून प्रतिभा शिकवण्यांत. "बाबा, संडेले पक्कं जाऊ," असं नंदकुमार म्हणे. तो खोटं बोलत नसे. कुठल्या संडेला, एवढंच सांगायचं राहून जाई.

अशात शहराबाहेरच्या एका इस्पितळात संशोधकांचं पथक उतरलं. चालताना मेंदूत काय होतं याची चित्रं त्यांना काढायची होती आणि त्यासाठी पाय ओढणारी वडीलधारी माणसं हवी होती. घरात आनंदीआनंद झाला. ज्यांना घाटापर्यंत जायला सवड नव्हती त्यांनी दिवसभर कामं बंद ठेवली. कौतिकरावांना दारातून गाडीत, गाडीतून चाकांच्या खुर्चीत आणि खुर्चीतून यंत्राच्या फळीवर हलवण्यात आलं. चालण्याच्या अभ्यासासाठी सदर इसमास एकही पाऊल टाकावं लागलं नाही, इतकी व्यवस्था चोख होती.

पथकाच्या डॉक्टर हिमानी यांनी नियम सांगितले. घड्याळ, चष्मा, चांदीचा करदोडा बाहेर. डोकं पट्ट्यांत आवळलेलं.

"काकाजी, बिलकुल हलायचं नाही. फक्त सोचायचं, की आपण चालत आहोत."

(शास्त्र इतकं पुढे गेलं आहे, की चालणं नीट दिसायला माणूस आडवा असावा लागतो.)

कौतिकराव डोळे मिटून घरातून निघाले. ओटा उतरतात तोच शेजारच्या कडूभाऊनं विचारलं, कुठी चालले? थांबणं आलं. पुढे शनवाऱ्याच्या चौकात जुना मित्र विनायक भेटला. चहा झाला, त्याच्या जावयाची चौकशी झाली, मावा जिलेबी झाली. बुऱ्हाणपुरात चालण्याचा दोन तृतीयांश भाग थांबण्याचा असतो. उरलेल्या भागात पुढे कुठं थांबायचं ते ठरतं. हिमानीबाईंना पडद्यावर पायांचा भाग अंधारात आणि जिभेचा लखलखीत दिसला.

"काकाजी, आप चल रहे थे या बात कर रहे थे?" त्यांनी यंत्रातल्या भोंग्यावरून विचारलं.

"दोन्ही एकच ना, बाई."

"रस्त्यात कोणाला भेटू नका. फक्त चाला."

"मंग चालायचं कायले?"

हा प्रश्न संशोधनाच्या कक्षेबाहेरचा असल्यानं विचारात घेतला गेला नाही. कौतिकरावांनी बराच विचार केला. सोबत नेलेला माणूस रस्त्यात भेटलेला धरत नाहीत, असा त्यांनी नियमाचा अर्थ लावला आणि नंदकुमारला घरूनच बरोबर घेतलं. हातात हात घेऊन दोघं राजघाटावर गेले, पायऱ्या उतरले. पडदा दोन्ही बाजूंनी उजळला. काचेपलीकडे नंदकुमार मोबाइलवर ते टिपत होता आणि मनापासून खूश होता. त्या चित्रात आपणही चालतो आहोत हे त्याला दिसणं शक्य नव्हतं. यंत्राची तेवढी क्षमता नाही.

"मेंदू एकदम मस्त आहे," हिमानीबाई म्हणाल्या. "आता रोज कोणीतरी सोबत घेऊन यांना चालवा."

यातलं पहिलं वाक्य घरी पोचलं. प्रतिभानं चित्र चौकटीत घालून बैठकीत लावलं आणि आल्यागेल्याला ताडून बघता यावं म्हणून सासऱ्यांची खुर्ची त्याखाली ठेवली. पाहुणे वर बघून म्हणत, वा, काय चालतात, आणि खाली बघून म्हणत, बसा, बसा, उठू नका.

अशाच एका संध्याकाळी कौतिकराव चपला घालून दारात उभे राहिले.

"चाल रे, घाटावर जाऊ."

"बाबा, रिपोर्ट नॉर्मल आहे ना. अब कायचं टेन्शन?" नंदकुमारनं खाली बसून मायेनं त्यांच्या चपला काढून ठेवल्या. कौतिकरावांना भरून आलं. मग त्यांनी हिमानीबाईंना फोन लावून विचारलं, की तीच चाचणी पुन्हा एकदा लवकर घेता येईल का. पोराबरोबर घाटावर जायचा तेवढा एकच रस्ता उरला होता.

वाचकांनी नंदकुमारला नावं ठेवू नयेत. हे वाचताना तुम्हाला आपल्या घरातलं कुणीतरी आठवलं असेल, एखाद्या संध्याकाळी त्यांना जरा फिरवून आणावं असंही मनात आलं असेल. तेवढं पुरे आहे. मनात आणलं की चित्रात चालणं दिसतंच. त्यासाठी उठायची गरज नाही.