उद्धटपणाची उतरंड

सन १९३४, जुलैची नऊ तारीख, सोमवार. सकाळी अकराला प्रकरण सुरू झाले. नायब तहसीलदारसाहेबांनी इंग्रजी अहवालासाठी एक शब्द सांगितला. आमचे हेडक्लार्क अंबादासपंत यांनी तो लिहिण्यास नकार दिला नाही. फक्त टाक दौतीवर आडवा ठेवला. कचेरीतील जुन्या माणसांना तेवढे पुरेसे होते. मी दुसरा कारकून.

अंबादासपंतांना एकच व्यसन होते. धीट आणि उद्धट माणसासाठी इंग्रजीत जितके शब्द आहेत ते सर्व त्यांनी निरनिराळे ओळखून ठेवले होते, आणि समोर येईल त्या जिवाला त्यांतला एक ते बहाल करीत. न्हावी फॉरवर्ड. व्याही इम्पर्टिनंट. शेजाऱ्याची शेळी इम्पुडंट. कारण भाजीत तोंड घालताना सापडली तरी ती चघळणे थांबवीत नसे. मला हे फरक कळेनात, तेव्हा त्यांनी ते घर मांडून समजावले.

"बोल्ड माणूस दारात उभा राहून तोंडावर खरं सांगते. फॉरवर्ड न बोलावता ओसरीवर बसते. इम्पर्टिनंट माजघरात येऊन इचारते, पोरीले हुंडा किती देला? इम्पुडंटले लोण्यात हात घालताना धरा, तो हासते. अन् इन्सोलंट तुमच्याच अंगणात तुमच्या तोंडावर थुंकते. एकाची जागा दुसऱ्याले देऊ नका, हो. घर मोडते."

साहेबांचा शब्द होता इन्सोलंट.

शनिवारी ते दमणीतून दौऱ्यावर निघाले होते. बैल वरवट बकाल गावचा कोतवाल सुका हाकीत होता. वाटेतल्या नदीला पूर. साहेब म्हणाले, "हाक." सुका काही न बोलता खाली उतरला, बैल सोडले आणि जू जमिनीला टेकवले. आमच्या भागात पुराच्या काठी जू टेकले की वाद संपला. पाणी उतरेपर्यंत ती गाडी पाटलाच्या सांगण्यानेही कोणी जुंपत नाही. साहेब दूरच्या जिल्ह्यातले, नवे. त्यांना एवढेच उमगले की आपण आत बसलेलो असताना कोतवालाने गाडी कलती केली आणि आपण घसरत चिखलात उतरलो.

अहवाल चारच्या टपालाने वर जायचा होता. तो शब्द गेला की सुकाची कोतवाली जाणार. सुका सकाळपासून व्हरांड्यात उकिडवा बसला होता.

अंबादासपंत उठून साहेबांच्या खोलीत गेले. त्यांना आवरता येईल या आशेने मी मागे गेलो.

"साहेब, तो हासला काय?"

"नाही."

"आवाज चढवला?"

"बोललाच नाही. तेच तर!"

"मंग इन्सोलंट बसत नाही जी."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "पंत, आता हा तुमचा इन्सोलन्स आहे!"

पंतांनी त्यावर मनापासून विचार केला. "नाही साहेब. मले इचारलं नाही त्यात मी बोलून राह्यलो. हा इम्पर्टिनन्स. तो लिहा, खाली मी सही करतो."

पेन्शन जवळ आलेला माणूस हे बोलत होता. मी भिंतीकडे पाहत राहिलो.

साहेबांनी एकाएकी मला विचारले, "त्या दिवशी पाणी पुढे किती चढले?"

मी सांगितले की काठावरची बाभूळ मुळासकट गेली. दमणी जिथे उतरली असती, तिथलीच.

साहेबांनी दारातून व्हरांड्यातल्या सुकाकडे पाहिले. मग म्हणाले, "तुमचा शब्द कोणता?"

"बोल्ड."

"लिहा. आणि त्याला ताकीद द्या."

पंत बाहेर आले. "सुका, कोतवाली राह्यली तुही. साहेबानं तुले धीट म्हटलं."

"मले?" सुका उभा राहिला. "मले तं पाणी पाहून कापरं भरलं होतं जी. जीभ टाळूले चिकटली, म्हून बोललो नाही."

"हे आत सांगू नको बे!"

मी हसलो. पंत हसले नाहीत. जागेवर येऊन त्यांनी अहवाल स्वच्छ लिहून काढला. मग शाई टिपायला टाकलेली वाळू झटकताना, माझ्याकडे न पाहता, बोलले.

"आमच्या मधूची माय गेली तेव्हा त्यानं मले तोंडावर सांगतलं, बाबा, तुम्ही डॉक्टरले बोलवाले उशीर केला. मी त्याले इन्सोलंट म्हटलं. इंग्रजी शिकलेलं पोरगं. त्याले बराबर समजलं. त्याच दिवशी गेला. नागपूरले राह्यते म्हणतात." ते थांबले. "तेव्हा मले तेवढा एकच शब्द येत होता."

चार वाजत आले होते. त्यांनी अहवाल पिशवीत घातला, दोर आवळला, लाख वितळवून गाठीवर ओतली, आणि ती पुरती घट्ट झाल्यावरच पिशवी डाकवाल्याच्या हाती दिली.