तिसऱ्या डोंगराचं तोंड

गवंड्याला एक खोड होती. गिलाव्यात भोक दिसलं की हात गप्प बसायचा नाही. थापीभर माल मारून वरनं लाकडी रंधा फिरवून गुळगुळीत केल्याशिवाय जेवण गोड लागायचं नाही. चाळीस वर्षं झाली, त्याच्या भिंतीत मुंगीला घर करता आलं नव्हतं.

त्याची लेक शाळेत भूगोल शिकवायची, पण वर्षाच्या बोलीवर. आज मोठ्या बाई तास बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तरच ती कायम, नाहीतर घरी. आणि मोठ्या बाई म्हणजे नुसता निखारा! आधीच्या तिघींना त्यांनी घरीच बसवलेलं. म्हणून लेकीनं बापाकडनं तीन ज्वालामुखी करून घेतले. प्रत्येकाच्या पोटात बाटली, बाटलीला नळी, नळीला सायकलचा पंप. पंपावर खुद्द बाप.

मोठ्या बाई पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पहिल्याच बाकावर येऊन बसल्या.

"हा पालथ्या ताटासारखा बसका," लेक म्हणाली. "बाबा, मारा!"

लाल पाणी तोंडातनं निघालं ते थेट पायथ्यापर्यंत पसरलं.

"ह्याचा लाव्हारस पातळ. थांबतच नाही, लांब पळतो. थरावर थर बसतात आणि डोंगर रुंद होत जातो."

बाप मनात म्हणाला, आयला, हे तर आपलंच! माल पातळ झाला की असाच कोपरा गाठतो. पण पोरीला जमिनीच्या पोटातलं कसं ठाऊक?

दुसऱ्या डोंगरानं विटेचा चुरा फुर्रकन वर उडवला.

"ह्यात रसाचे शिंतोडे उडतात, हवेतच थिजून खडे होतात आणि तोंडाभोवती पडतात. खड्यांचा ढीग, म्हणून उतार उभा."

"रेतीची गाडी ओतली की होतो, तस्साच!" बापाला राहवलं नाही. मोठ्या बाईंनी नुसतं बघितलं. बाप पंपाला चिकटला.

तिसरा डोंगर उंच, टोकदार. एक थर राखेचा, एक थर घट्ट रसाचा, असा चढवलेला. पोटात लाल रंगाची दाट खळ. बापानं पंप मारला. काही नाही. आणखी मारला. पंपाचा दांडा उलटा हाताला ढकलायला लागला, पण डोंगर ढिम्म.

लेक खाली वाकली. "बाबा, तोंड उघडं आहे ना?"

बापाचा दांड्यावरचा हात थांबला. "सकाळी बुजवलं गं. उघडं भोक बरं दिसत नव्हतं."

"बाबा!"

"रंधा पण फिरवला," बाप रडवेला होऊन म्हणाला.

मोठ्या बाईंनी हातातली वही मिटली. त्या उठल्या आणि डोंगरावर वाकल्या. "काय झालं, बाई? विझला का तुमचा ज्वालामुखी?"

लेकीनं वर्गाकडं तोंड केलं. "विझला नाही. रस घट्ट असला की तोंडातच थिजतो, बूच बसतं. आत वायू कोंडतो. वरनं सगळं गुळगुळीत, शांत. लोक म्हणतात, विझला. मोठ्या बाई, जरा मागं सरा. बाबा, मारा!"

बापानं डोळे मिटून दांडा दाबला.

फाट्!

बूच छताला लागलं. खळ मोठ्या बाईंच्या कपाळावर, चष्म्यावर, पांढऱ्या कपड्यांवर.

बाप पुढं झाला. "बाई, पोरीची चूक नाही. बूच मी मारलं. काय बोलायचं ते मला बोला."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. डोळ्यांभोवती तेवढे दोन पांढरे गोल राहिले होते.

"तीस वर्षं हा धडा मी शिकवला," त्या सावकाश म्हणाल्या. "तोंडपाठ शिकवला. आज बघितला." मग लेकीकडं वळल्या. "तुम्ही आजपासून कायम. पुढच्या तासाला दुसरी तुकडी बोलवा. मिस्त्री, तोंड तस्संच बुजवायचं, रंध्यासकट!"

बापानं थापी काढली. एवढ्या वर्षांत ह्या खोडीची पहिलीच तारीफ; रंधा दोनदा फिरवला.

पुढच्या तासाला मोठ्या बाई पुन्हा पहिल्याच बाकावर येऊन बसल्या. फक्त छत्री उघडून.