पुंगळीसकट उडालेली गोळी

सिनेमातून सुटलेली गोळी अजून हॉलमध्येच होती, पण शाळा सुरू होईपर्यंत ती आतल्या खोलीच्या भिंतीशी पोचणार होती आणि तोवर रेवा आणखी वाढलेली असणार होती, या काळजीने अनुजाला झोप लागत नव्हती. गोळी आजच रेवाच्या भांगापेक्षा जेमतेम दोन बोटं उंचावरून चालली होती. चार वर्षांच्या मुली उन्हाळ्यात कशा झपाट्याने वाढतात, हे अनुजाने वाचलं होतं. ती सगळंच वाचायची. वाचून कधी बरं वाटलंय, असं मात्र तिला आठवत नव्हतं.

घर कोल्हापुरात रत्नप्रभा टॉकीजच्या मागच्या गल्लीत, पडद्याच्या बरोबर पाठीला होतं. सिनेमा एका चित्रकथेवरून काढलेला होता. त्यात आकाश हळदीसारखं पिवळं, माणसांना शाईच्या जाड काळ्या कडा आणि रक्त कुणाचंही असो, निळं. शेवटच्या मारामारीत नायक डोळे मिटून एक गोळी झाडतो आणि ती इतकी सावकाश जाते, की लोक बाहेर जाऊन चहा पिऊन परत आले तरी ती हवेतच असायची. सिनेमा उतरला तेव्हाही ती हवेतच होती. टॉकीजची भिंत आणि मधली गल्ली तिने पार केली, आणि एका दुपारी अनुजा रेवाला वरणभात भरवत असताना ती हॉलमध्ये कॅलेंडरशेजारून बाहेर आली. भिंतीला पेन्सिल जाईल एवढं, स्वच्छ गोल भोक पडलं.

गोळीलाही काळी कड होती. तिच्या मागे हवेत तीन बारीक रेघा होत्या, चित्रात वेग दाखवायला काढतात तशा. वेग काही नव्हता. दिवसभरात ती करंगळीच्या पेराएवढी सरकायची.

"आई, ही कोणाची?" रेवाने घास तोंडात ठेवून विचारलं.

त्या वयात प्रत्येक वस्तू कुणाची तरी असावी लागते. चष्मा पप्पांचा, घड्याळ आईचं. आणि आईचं जे जे असेल ते रेवा मोठी झाली की तिचं, असं त्या दोघींचं ठरलेलं होतं. घड्याळ माझं ना? हो. ती मोरपंखी साडी? हो गं, सगळं तुझंच.

"माहीत नाही," अनुजा म्हणाली. "गीळ आधी."

टॉकीजच्या मॅनेजरने नीट ऐकून घेतलं. "मॅडम, पडदा आमचा. पडद्याच्या मागं गेलं की आमचं काय नाही. आणि तो पिक्चर उतरला की. आता लागलाय त्यात गाणी आहेत." पोलीस चौकीत हवालदाराने विचारलं, बंदूक कुठली? बंदूक चित्रातली. चित्रातल्या बंदुकीला परवाना लागत नाही, परवाना नाही म्हणजे बंदूक नाही, आणि बंदूक नाही तर गोळी कुठनं येणार? अनुजाला ते पटलं. समोरचा माणूस ठामपणे बोलला की तिला पटायचंच. घरी येऊन चप्पल काढेपर्यंत पटेनासं व्हायचं.

तिने गोळीपुढे तांब्याचा हंडा ठेवून पाहिला. गोळी सावकाश हंड्यातून गेली. पाटा उभा केला, पाट्यातूनही गेली. तिच्या नवऱ्याने, संग्रामने, पक्कडीने धरून पाहिलं, तर पक्कडच तिच्याबरोबर सरकत राहिली. मग अनुजाने साधा उपाय केला. आतल्या खोलीतली रेवाची कॉट या भिंतीची त्या भिंतीला नेली. सकाळी उठून पाहते तर काल फरशीच्या रेघेला समांतर जाणारी गोळी आज तिरकी झालेली. टोक कॉटच्या नव्या जागेकडे.

"संग्राम, ती वळलीय."

"गोळी वळत नसते अनुजा," संग्राम बुटाची नाडी बांधत म्हणाला. "तू फार विचार करतेस."

हे तिला पटलं. तिने कॉट पुन्हा हलवली. गोळी पुन्हा वळली.

संग्राम अचूक नेमबाज मंडळाचा चिटणीस होता. मंडळातल्या बहुतेकांच्या बंदुका आजोबांच्या होत्या आणि रविवारी माळावर जाऊन पुठ्ठ्यावर नेम धरण्यापलीकडे त्यांनी कुणाचं वाकडं केलेलं नव्हतं. बातमी कळल्यावर मंडळाची माणसं राखाडी कोट घालून आली. सगळ्यात आधी त्यांनी गॅलरीत लाल झेंडा लावला. अध्यक्ष इंगवले दादा हे निवृत्त सुभेदार. त्यांनी नियम समजावून सांगितला.

"गोळी हवेत हाय तोवर झेंडा वर. झेंडा वर हाय तोवर गोळीच्या पुढं माणूस जाणार नाही. मग घर असूं दे न्हाईतर माळ."

अनुजाच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या बाजूने बोललं होतं. रेवाला स्वयंपाकघर आणि अर्धा हॉल एवढंच खेळायला राहिलं. गल्लीतल्या पोरांनी लाल झेंडा पाहून कसली जत्रा आहे म्हणून विचारलं.

पुढच्या रविवारी मंडळ गोळीची तपासणी करायला बसलं. पण विषय निघाला सिनेमाचा. तो सगळ्यांनी एकत्र, एकाच रांगेत बसून पाहिला होता आणि तेव्हापासून कुणाला अन्न गोड लागत नव्हतं.

"रिव्हॉल्वरमधनं पुंगळ्या पडत्यात काय कधी?" इंगवले दादांनी मांडीवर थाप मारली. "अळवावरनं पाणी गळावं तशा गळत होत्या!"

"दोन हातात दोन, दादा. नेम न धरता."

"नेमाचं सोडा, डोळे मिटलेले!"

"मी तर सगळ्यांच्या आधी उठलो," खटावकर म्हणाले. त्यांचं काडतुसांचं दुकान होतं आणि चष्मा कायम कपाळावर असायचा. "बायको म्हणाली, रक्त बघवलं नाही का? म्हटलं रक्ताचं काय घेऊन बसलीस, निळं तर आहे. त्यानं बंदूक भरली कधी ते सांग. अख्ख्या पिक्चरमध्ये एकदा तरी भरली का?"

"माणसं किती मारली त्याने?" चहाचा ट्रे ठेवता ठेवता अनुजाने विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. तिकडे कुणाचं लक्षच गेलेलं नव्हतं.

मग खटावकरांनी भिंग काढलं, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि गोळीभोवती एक फेरी मारली. थांबले. दुसरी फेरी मारली. त्यांचा चेहरा उतरला.

"अग्गं आई गं. पुंगळीसकट उडालीय."

संग्रामने मान खाली घातली. अनुजाने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा खटावकरांनी घरात कुणी आजारी असल्यावर बोलतात तशा आवाजात सांगितलं, "वहिनी, काडतुसात पुढं असते ती गोळी आणि मागची पितळी ती पुंगळी. बार उडाला की गोळी जाते, पुंगळी मागं राहते. ही दोन्ही एकत्र चाललीत. त्या चित्रकारानं आयुष्यात बंदूक बघितली नाही. अख्खं काडतूसच काढलंय."

"मग?"

"मग म्हणजे, ही सुटलेलीच नाही. न सुटलेल्या काडतुसाला धोका नसतो."

"पण भिंतीला भोक पडलंय."

"भोक आम्ही नाकारत नाही," इंगवले दादा म्हणाले. "पण ते ह्या काडतुसानं पाडलं, हे शास्त्राप्रमाणं मान्य करता येत नाही."

"आणि ती वळते. मी कॉट हलवली की..."

"वहिनी," दादा हळुवार म्हणाले, "पहिलटकरणीला असं वाटतं."

रेवा चार वर्षांची होती. तरी अनुजाला क्षणभर ते पटलं.

मंडळाने हात वर करून ठराव केला आणि झेंडा उतरवला. नियमाप्रमाणे इंगवले दादा गॅलरीत उभे राहून मोठ्याने ओरडले, "मैदान मोकळं!" परत आत आले, आणि आठवण म्हणून एक फोटो काढावा असं ठरलं. दादांनी रेवाला उचलून गोळीपुढे स्टुलावर उभं केलं. ती इतक्या दिवसांनी गोळीच्या पुढच्या बाजूला आली होती. खूश होऊन तिने गोळीकडे तोंड केलं आणि हसली. टोक तिच्या बेंबीच्या नेमात आलं.

"खाली उतरवा तिला," अनुजा म्हणाली.

"वहिनी, मैदान मोकळं आहे."

"तुमचं असेल."

लग्नानंतर इतक्या माणसांदेखत ती पहिल्यांदाच ओरडली होती. चहाचा एक कप फुटला. तिने रेवाला कडेवर घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. तेव्हा गोळी, झोपेत माणूस कूस बदलतं तशी, सावकाश दाराकडे वळली. तिच्या मागच्या तीन रेघाही वळल्या.

मंडळी पंख्याकडे बघू लागली.

"बघितलंत ना?" अनुजाने विचारलं.

"बघितलं," इंगवले दादा अखेर म्हणाले. ते घामाघूम झाले होते. "पण वहिनी, ते चुकीचं आहे."

झेंड्याची गुंडाळी काखेत मारून ते सगळे उतरले.

संग्राम फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करत बराच वेळ खाली बसून राहिला. मग तसाच, वर न बघता म्हणाला, "सिनेमात पण वळते ती. बोळाच्या कोपऱ्यावर. मंडळी तिथंच उठून गेली."

"आणि तू?"

"मी नंतर एकटा जाऊन बघितला. दोनदा." त्याचे कान लाल झाले. "आवडला मला. दादांना सांगू नको."

"पुढे काय होतं?"

"त्याची गोळी ज्याच्या नावाची असते त्यालाच लागते. मध्ये दुसरं माणूस आलं तर वळसा घालून जाते. भिंतीबिंतीचं काय नाही, माणसाला घालते."

"नाव कुठं असतं?"

"ते नायकाला दिसतं. त्याचे डोळे मिटलेले असतात."

अनुजाने हॉलच्या दाराकडे पाहिलं. मागच्या सगळ्या दिवसांत जिथे जिथे रेवा होती, तिथे तिथे ती स्वतः होती. कॉटवर रेवा झोपायची आणि कॉटच्या कडेला तिला कुशीत घेऊन ती. कडेवर रेवा होती, पण कडही कुणाची तरी होतीच. हा विचार तिला आधी सुचायला हवा होता. इतकं शिकून उपयोग काय, असंही तिला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी तिने रेवाला संग्रामबरोबर रंकाळा तलावावर धाडलं आणि स्वतः खुर्ची घेऊन हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, शोकेसशेजारी बसली. देवाचं नाव घ्यायला गेली, पण नेमकं काय मागायचं ते ठरेना, म्हणून नुसतीच बसून राहिली. गोळीचं टोक स्वयंपाकघराच्या दाराकडेच होतं. रस्ता त्याच बाजूला, रंकाळाही त्याच बाजूला. खाली भाजीवाली ओरडत गेली. दळणाची गिरणी बंद झाली. मग गोळी हलली. सावकाश, अजिबात घाई न करता तिने रंकाळ्याकडे पाठ फिरवली आणि शोकेसकडे वळली. तिच्या काळ्या टोकावर अनुजाला खुर्चीसकट आपलं इवलंसं प्रतिबिंब दिसलं.

ती हसली. मग पदर तोंडाला लावून रडली. मग उठून तिने कुकर लावला.

"माझी आहे ती," संग्राम परत आल्यावर तिने सांगितलं. लॉटरी लागल्याचं सांगावं तशा आवाजात. "रेवाची नाही. माझी."

संग्रामच्या हातातली रेवाची पाण्याची बाटली तशीच राहिली. "तू काय वाकडं केलंयस त्या नायकाचं?"

"आठवत नाही. काहीतरी केलं असणारच."

त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

त्यानंतर सगळं मार्गी लागलं. अनुजा सकाळी स्वयंपाकघरात असते, दुपारी हॉलच्या त्या टोकाला बसते, संध्याकाळी गॅलरीत. गोळी दिवसभर तिच्यामागे वळत राहते आणि वळण्यात दिवस गेल्यामुळे पुढे फारशी सरकत नाही. फक्त आजारी पडून एका जागी राहायचं नाही, एवढं अनुजाला पाळावं लागतं. कॉट मूळच्या जागी गेली. शेजारच्या काकू वाटीभर डाळ मागायला आल्या की विचारतात, "कुठवर आली?" आणि अनुजा सांगते, "आहे अजून दोन हात." संग्राम मंडळात जातो. सिनेमाचा दुसरा भाग येतोय, टॉकीजवर त्याचं पोस्टर लागलंय. पिवळं आकाश, दोन्ही हातांत दोन. त्यातल्या चुका पकडायला मंडळाने अख्खी रांग आत्ताच राखून ठेवलीय.

परवा अनुजा वेणी घालत असताना रेवा गोळीजवळ गेली. आता ती टाचा उंचावून थेट तिच्यात डोकावू शकते. गोळीने तिला वळसा घातला आणि टोक पुन्हा आईकडे केलं. रेवाला ते कळलं. मुलांना अशा गोष्टी कळतात.

"आई, ही तुझी आहे ना?"

"हो."

"मग मी मोठी झाले की माझी?"

हो गं, सगळं तुझंच, हे वाक्य अनुजाच्या ओठांवर सवयीने आलं होतं. तिने ते दातांखाली धरलं. अर्धी वेणी हातातून सुटली.

"नाही," ती म्हणाली. "ही नाही. घड्याळ घे, साडी घे. ही माझी एकटीची."

रेवाचा खालचा ओठ बाहेर आला. आईने तिला नाही म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती. तिने गोळीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि दारात बूट चढवत असलेल्या बापाकडे वळून म्हणाली,

"पप्पा, मग मला माझी वेगळी आणा."