मुलुंडच्या कदली-सुरमईची बखर

श्रीमन्नारायण, ज्याने प्रथमावतारी मत्स्यदेह धरोन वेद रक्षिले, त्याचे चरणी मस्तक ठेवोन, शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे कार्तिक वद्य अष्टमी, बुधवासरे, मुलुंड पश्चिमेस पुण्यप्रभा सोसायटीचे तिसरे मजल्यावर जे महत्कृत्य जाहले, त्याचे वर्तमान यथास्थित लिहिले आहे.

ऐसियास, पुण्यप्रभा हा मुलूख सात मजली, आणि तेथील अमल निखळ शाकाहारी. राजश्री नंदकुमारराव, हुद्दा विमा कचेरीत, हे तेथे भाडेकरू. आणि त्यांनी करारपत्रावर दस्तखत करोन कबूल केले होते की घरात मासळी शिजविणार नाही, शिजविल्यास घर खाली करून द्यावे. कराराची मुदत महिनाअखेर सरत होती. अशात मातुश्री द्रौपदीबाई, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, मोतीबिंदूचे शस्त्रक्रियेकरिता देवगडाहून येऊन राहिल्या, आणि बुधवार येताच ताटातील दुधी पाहोन ताट सरकवू लागल्या. तीन बुधवार उपाशी गेले. मग स्नुषा क्षमाबाई यांनी मसलत केली की करार मोडू नये आणि सासूही मोडू नये. सबब मासळीवाचून मासळी उभी करावी.

पहिली स्वारी सोयाबीनचे वड्यांची. त्यांनी सगळा रस्सा पिऊन ऐन वेळी कच खाल्ली, आणि द्रौपदीबाईंनी "स्पंज असा" इतकाच शेरा दिला. दुसरी केळफुलाची. ते साफ करिता करिता क्षमाबाईंची बोटे काळी पडली, आणि तव्यावर पडताच सारी फौज पांगली. अष्टमीस तिसरी स्वारी केली. कच्ची केळी अर्धवट उकडोन, सुरमईचे तुकड्यांगत तिरकी कापोन, आले, लसूण, तिखट आणि कोकमाचे आगळ यांत मुरविली, आणि जपानी लोक भातास गुंडाळितात तो समुद्री शेवाळाचा काळा कागद कातडीचे ठायी चिकटविला, आणि रव्यात घोळवोन तव्यावर चढविली. मातुश्रींनी दोन तुकड्यांचा फडशा पाडिला आणि बोलल्या, "गो क्षमा, हो मासो नाय. पण माशाक वळखता." मग तिसरा मागितला. क्षमाबाईंचे डोळ्यांत पाणी आले, ते मिरचीचे असे सांगण्यात आले.

परंतु शेवाळाचा वास खास समुद्राचा. तो जिन्याने चढोन सातवे मजल्यावर सोसायटीचे चिटणीस आणि सदर घराचे मालक राजश्री जयवंतराव यांचे नाकावर चालोन गेला. चिटणीस तत्काळ कमिटीचे चार असामी आणि कराराची नक्कल घेऊन उतरले, आणि दारास वेढा पडला.

"अहो, केळं आहे ते," नंदकुमारराव म्हणाले.

"मला शिकवू नका ना. केळ्याला असा वास येतो?" चिटणीस म्हणाले.

"मग खाऊन बघा," क्षमाबाई म्हणाल्या.

"आणि निघाला मासा, तर? माझं काय?"

येथे मोठा पेच पडला. ज्याने मासा कधी चाखिला नाही त्याने तो ओळखावा कैसा, आणि जो ओळखील त्यास पुण्यप्रभेत राहण्याचा अधिकार कोठला? खजिनदार धोंडिरामपंत सहज बोलोन गेले की हा वास सुरमईचा नव्हे, बांगड्याचे वळणाचा आहे. चौघांनी त्यांजकडे पाहिले. पंत कराराची नक्कल वाचू लागले.

अखेर ठराव जाहला की निःपक्षपाती जाणकार बोलवावा. फाटकावरचा बोका, ज्यास पहारेकरी गुणाजी 'सुभेदार' म्हणे, तो जिने चढण्यास नाखूष, सबब उचलोन आणिला, आणि त्याजपुढे बशी ठेविली. नंदकुमाररावांस घरातील कपाटे टेम्पोत चढताना दिसो लागली. सुभेदाराने वास घेतला, एक पंजा झटकिला, आणि बशीकडे पाठ करोन शेपूट आवरोन बसला.

निर्दोष. कमिटीने सुटकेचा श्वास टाकिला. केळेच आहे तर, असे म्हणोन जयवंतरावांनी उभ्या उभ्या चार तुकडे खाल्ले आणि पाचवा कागदी रुमालात बांधिला. परंतु क्षमाबाई ओट्याशी उदास उभ्या राहिल्या. कारण घर वाचले खरे, तरी जी विद्या सासूने नावाजिली ती एका बोक्याने नापास केली, आणि घर वाचले ते नेमके त्याच नापास होण्याने.

मग चिटणिसांनी जागीच फर्मान काढिले. कलम पहिले, करारास अकरा महिने मुदतवाढ. कलम दुसरे, या घरातून पुढे केव्हाही मासळीसारखा वास आल्यास तो केळ्याचाच समजावा, आणि कमिटीस वारंवार जिने उतरण्याची तोशीस देऊ नये.

द्रौपदीबाई आतून सर्व ऐकत होत्या. कमिटी जाताच बोलल्या, "नंदा, दुसरा कलम परत वाच बघू."

येणेप्रमाणे पुण्यप्रभेची मोहीम फत्ते जाहली, करार राहिला, घर राहिले, आणि मातुश्री ताट सरकवीत नाहीत. दर बुधवारी नंदकुमारराव बाजारातून पिशवी आणितात, तीत वरती केळ्यांची फणी सर्वांस दिसेल ऐशी ठेवितात. आणि सुभेदार, ज्यास उचलोन आणावे लागले होते, तो हल्ली बुधवारी आपल्या पायी तीन मजले चढोन उंबऱ्याशी ठाण मांडितो. जयवंतरावांनी कारण पुसले, तेव्हा मातुश्री शांतपणे म्हणाल्या, "सवय लागली हो तेका केळ्याची."