डाव्या भुवईची कारकीर्द

कोणतीही सुसंस्कृत वसाहत तीन गोष्टींच्या आधारावर चालते: पाणी, लिफ्ट आणि भीती. पैकी पहिल्या दोन आमच्याकडे अनियमित असल्यामुळे तिसरीकडे कार्यकारिणीने सुरुवातीपासूनच विशेष लक्ष पुरवले आहे. वसाहतीचा चिटणीस या नात्याने या कामाची नोंद करून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो. (तसे कोणी सांगितलेले नाही. चिटणिसाला सांगावे लागत नाही.)

आमची वसाहत म्हणजे चौकाच्या तीन बाजूंनी उभी असलेली एक चारमजली इमारत. सगळ्या गॅलऱ्या चौकाकडे तोंड करून आहेत, त्यामुळे कोणाचे काय चालले आहे हे विचारावे लागत नाही. सात वर्षांखालील मुले एकतीस, आणि ती एकतीसच्या एकतीस जेवत नसत. रडत, पळत, घास गालात धरून बसत. एका मुलीने रात्री गालात ठेवलेले गाजर सकाळी शाळेत बाईंना काढून दाखवल्याची नोंद आहे. एका जेवणाला सरासरी बावन्न मिनिटे लागत.

पोलीस, इंजेक्शन, भटका कुत्रा आणि पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य ही प्रचलित साधने वापरून झाली होती. बोलावल्यावर पोलीस येत नाही, हे मुलांच्या लवकर लक्षात आले. (मोठ्यांना याला बरीच वर्षे लागतात.) कुत्र्याशी तर त्यांची गट्टीच जमली आणि उरलेले घास त्यालाच जाऊ लागले. दंतवैद्यांनी पाच वर्षे निष्ठेने जबाबदारी सांभाळली, पण पुढे मुलेच त्यांना विचारू लागली, "आजोबा, तुमचे दात कुठे गेले?" तेव्हा त्यांना सन्मानाने वसाहतीचे अध्यक्ष करण्यात आले.

अशा अडचणीच्या काळात तिसऱ्या मजल्यावर, अगदी मधोमध असलेल्या घरात, ते राहायला आले.

त्यांना तुम्ही ओळखता. नाव आठवणार नाही, ते कोणालाच आठवत नाही. पण चेहरा दिसला की तुमचा हात आपोआप पाकिटाकडे जाईल. एकेचाळीस वर्षे, एकशे ब्याऐंशी चित्रपट. मुख्य खलनायक ते कधीच नव्हते. मुख्य खलनायक खुर्चीत बसून "उचला रे त्याला" म्हणतो, तेव्हा जो उचलायला जातो, ते हे. या सेवेत ते एकूण एकशे एकोणसत्तर वेळा मेले. तपशील असा: गोळी लागून चौऱ्याण्णव, कड्यावरून पडून एकतीस, आगीत सतरा, मोटारीखाली सोळा, नायकाच्या घोड्याची लाथ बसून दहा, आणि एकदा नायिकेच्या आईच्या तळतळाटाने. उरलेल्या तेरा चित्रपटांत ते वाचले, कारण ते चित्रपट पूर्णच झाले नाहीत.

त्यांचे खरे भांडवल म्हणजे डावी भुवई. उजवी जागच्या जागी ठेवून डावी ते इतकी वर नेत की थिएटरात मागच्या रांगेतली माणसे पाय वर घेत. पुढे खलनायकही गोरेगोमटे आणि व्यायामशाळेत जाणारे हवे झाले, आणि भुवईला काम उरले नाही. तीन वर्षे कामासाठी फोन वाजला नव्हता.

माणूस म्हणाल तर गाईहून गरीब. लिफ्टचे दार दुसऱ्यांसाठी धरून ठेवत. ते आत शिरले की बाकीचे मात्र "जिना बरा, तब्येतीला चांगला" असे म्हणून बाहेर पडत. त्या वर्षी वसाहतीत गुडघेदुखीचे प्रमाण वाढले.

एके संध्याकाळी आमचे चिरंजीव अर्धा तास दातखीळ बसल्यासारखे बसले होते. इतक्यात समोरच्या गॅलरीत ते टॉवेल वाळत घालायला आले. चिमटा अडकला म्हणून त्यांनी सहज भुवई उचलली. आमच्या चिरंजिवांनी ताट चाटूनपुसून साफ केले. आयुष्यात पहिल्यांदा कोबी मागून घेतला.

"अहो," बायको मला म्हणाली, "त्यांना सांगा ना, उद्याही याच वेळेला टॉवेल वाळत घाला म्हणावं!"

मी गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "उद्या किती वाजता हजर राहू, सेक्रेटरीसाहेब?" एवढे विचारताना त्यांचे डोळे भरून आले. कोणीतरी त्यांना वेळ देत होते. आतून त्यांची पत्नी म्हणाली, "पोरांना घाबरवायचं काम घेताय? या वयात?"

"अगं, काम छोटंय," ते म्हणाले, "पण रोज आहे."

कार्यकारिणीने ठराव एकमताने मंजूर केला. वेळ साडेसात ते सव्वाआठ. ज्या घरात मूल अडेल त्या घराने गॅलरीतून पांढरा रुमाल हलवायचा. एका रुमालाला भुवई, दोन रुमालांना भुवई आणि खाकरणे, तीन रुमालांना गोणी. गोणी वसाहतीने पुरवली. न जेवणाऱ्या मुलांना गोणीवाला त्यात घालून नेतो, ही कथा आमच्याच उपसमितीने लिहिली. (अध्यक्षांना शेवटी मूल परत यायला हवे होते, पण बहुमताने तो भाग काढण्यात आला.) जेवणाची सरासरी बावन्न मिनिटांवरून अकरावर आली. पालकांना मालिका पहिल्यापासून बघायला मिळू लागल्या. पुढे दूध, नखे, गृहपाठ आणि केस विंचरणे हे विषयही त्यांच्याकडे सोपवण्यात आले. एका बाईंनी नवऱ्यासाठी अर्ज केला आहे, तो विचाराधीन आहे.

म्हणजे एकशे ब्याऐंशी चित्रपटांत जो मान मिळाला नाही, तो या माणसाला आम्ही दिला. चित्रपटात त्यांना लोक तीन तासांनी विसरत. आमची मुले झोपेतही विसरत नसत.

सगळे सुरळीत चालले असताना त्यांची नात राहायला आली.

त्यांची मुलगी परिचारिका आहे. तिची बदली इथल्या रुग्णालयात झाली, आणि ती पाच वर्षांच्या लेकीला घेऊन कायमची माहेरी आली. नातीला त्यांनी आजवर दोनदाच पाहिले होते, बाकी सगळे फोनवर. फोनवर ती पडद्यावरच्या त्यांच्या भुवईवर बोट ठेवी आणि ते ती वर नेऊन तिला हसवत. त्यांनी लहान खोलीला रंग दिला, एक छोटी खुर्ची आणली, आणि लिफ्टमध्ये जो सापडेल त्याला खुर्चीची उंची बरोबर आहे का, असे विचारले. (कोणी सापडले नाही.)

तिसऱ्या दिवशी नात चौकात खेळायला उतरली. मुलांनी तिला आपुलकीने सगळी माहिती दिली. संध्याकाळी ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून उभी राहिली आणि वर येईना.

"मी नाही तिकडे जाणार. तिथे गोणी आहे."

गोणी होतीच, दारामागे खुंटीला. आईने तिला उचलून नेले, पण आजोबा घरात असले की ती खोलीबाहेर येत नसे. मग आजोबाच बाहेर राहू लागले. दिवसभर चौकातल्या बाकावर बसत, आणि ड्युटीच्या वेळी वर जात. मला वाईट वाटले. (ही नोंद वैयक्तिक आहे.)

नवव्या दिवशी त्यांनी अर्ज दिला. 'विषय: कामातून मुक्त करण्याबाबत. माझी नात माझ्या मांडीवर बसत नाही. तरी सर्व मुलांना खरे काय ते सांगण्यात यावे, ही विनंती.'

कार्यकारिणीने अर्जावर दोन तास चर्चा केली. "मांडी ही खाजगी बाब आहे," अध्यक्ष म्हणाले, "भुवई सार्वजनिक आहे." एका मुलीसाठी एकतीस मुलांना उपाशी ठेवता येणार नव्हते. तरीही सहानुभूतीने विचार करून आम्ही एक दाखला तयार केला: 'सदर बालिकेस गोणीत घालण्यातून कायमची सूट देण्यात येत आहे.' शिक्का मारून मी तो स्वतः तिला वाचून दाखवला. तोपर्यंत गोणीबद्दल ती फक्त मुलांकडून ऐकून होती. आता सरकारी भाषेत खात्री पटल्यावर तिने जो टाहो फोडला, तो अध्यक्षांना तळमजल्याच्या पाण्याच्या टाकीपाशी ऐकू आला.

शेवटचा उपाय म्हणून वार्षिक सभेत त्यांना पाच मिनिटे चांगला माणूस होण्याची परवानगी देण्यात आली. ते उभे राहिले आणि मुलांकडे पाहून हसले. एकेचाळीस वर्षांत त्यांना हसायला सांगितले गेले ते कोणाला तरी मारण्याच्या आधी. मुलांची पाचावर धारण बसली. दोघांना ताप आला, आणि एकाने लिफ्टचे बटण आपणच तोडल्याची कबुली दिली. नात आईच्या पदरात तोंड खुपसून बसली होती. ते खाली बसले आणि बराच वेळ बुटाच्या नाडीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी साडेसातला ते गॅलरीत आले, पण टॉवेल न घेता. आमच्या चिरंजिवांनी ओठ घट्ट मिटले होते. मी एक रुमाल हलवला. काही नाही. दोन हलवले, तीन हलवले. ते नुसते उभे. माझे डोके फिरले. एका हाताने मी पोराचा जबडा धरला, दुसऱ्या हातात चमचा घेतला आणि ओरडलो, "खातोस की नाही? खा म्हणतो ना! गिळ!"

कोणावर कोण ओरडते आहे ते बघायला त्यांची नात खोलीतून गॅलरीत आली. कठड्याच्या गजांतून तिने चौकापलीकडे पाहिले. मग ती मागे सरकली, आणि मागे जे सापडले ते तिने दोन्ही मुठींनी घट्ट धरले. तो तिच्या आजोबांचा पायजमा होता.

"आजोबा, तो बघा. त्याच्या हातात काय आहे?"

चौक लहान आहे, सगळे ऐकू येते.

"चमचा आहे, बाळ."

"तो इकडे येईल?"

"येऊ दे की. मी आहे ना."

त्यांनी तिला उचलून कडेवर घेतले. तिने त्यांच्या मानेला मिठी मारली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि डावी भुवई सावकाश वर गेली. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच ती कोणी न सांगता गेली असावी. चमच्यातला घास मी स्वतः गिळला.

त्यांचा राजीनामा आम्ही स्वीकारला, दुसरा मार्ग नव्हता. गोणी परत मिळालेली नाही. तीत सध्या नातीची खेळणी असतात, आणि ती आजोबांच्या मांडीवर बसून एकेक बाहेर काढते.

रिकामी जागा भरण्यासाठी एकसदस्य समिती नेमली गेली. सदस्य मीच. बाहेरून माणूस आणावा, तर त्याला त्या गॅलरीतून काय दिसेल हे आधी पाहायला हवे, म्हणून परवानगी घेऊन मी साडेसातला तिथे उभा राहिलो. समोर सव्वीस घरांत दिवे होते. सव्वीस घरांत सव्वीस माणसे डोळे वटारून, दात-ओठ खाऊन, हातात चमचा घेऊन एका छोट्या डोक्यावर वाकलेली होती. (सत्ताविसावे घर आमचे. तिथे माझी बायको होती.) नात शेजारीच छोट्या खुर्चीत बसून जेवत होती. बिनबोभाट, अकरा मिनिटांत.

अहवालात मी लिहिले की बाहेरून माणूस आणण्याची आवश्यकता नाही, इथेच मुबलक उपलब्ध आहेत. तो अहवाल कार्यकारिणीने अद्याप वाचलेला नाही.

तुम्ही हे वाचून हसला असाल, तर हरकत नाही. फक्त आज घरात जेवणे सुरू झाली की एकदा समोरच्या गॅलरीकडे बघा. तिथे कोणी उभे दिसले, तर चमचा हळूच खाली ठेवा. जागा अजून रिकामी आहे आणि निवड दुरूनच होते.