दीडशे निःशंक अभिप्राय

तृतीय वर्षाच्या त्या विद्यार्थिनीचे एक सोडून सर्व विषय सुटले होते. रसायनशास्त्र सुटले होते, सूक्ष्मजीवशास्त्र सुटले होते, संख्याशास्त्रही, कसे कोण जाणे, सुटले होते. राहिला होता तो 'इंग्रजी भाषण व सभाधैर्य' हा दोन श्रेयांकांचा विषय. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेने तिला नोकरी देऊ केली होती आणि येत्या एक तारखेला उत्तीर्ण झाल्याचा दाखला घेऊन हजर व्हावे असे कळवले होते. दाखला नसल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला मिळेल, हेही त्याच पत्रात नम्रपणे नमूद केले होते.

विद्यार्थ्याला चारचौघांत इंग्रजीतून निर्भयपणे बोलता यावे, हा त्या अभ्यासक्रमाचा हेतू होता. हेतू मोजता येत नाही, म्हणून महाविद्यालयाने सराव मोजायचे ठरवले. अंतिम भाषणापूर्वी प्रत्येकाने किमान तीन श्रोत्यांसमोर पन्नास वेळा सराव करावा आणि प्रत्येक श्रोत्याने प्रत्येक वेळी 'श्रोता अभिप्राय पत्र' भरून द्यावे, असा नियम होता. पत्रात तीनच प्रश्न होते. वक्त्याचा आवाज ऐकू आला का? वक्ता ताठ उभा होता का? श्रोत्याला काही शंका आली का? पहिल्या दोहोंचे उत्तर 'होय' आणि तिसऱ्याचे 'नाही' असेल तरच सराव ग्राह्य धरला जाई. शंका येणे हा भाषण अस्पष्ट असल्याचा पुरावा मानला जात असे, आणि अंतिम परीक्षेत दर शंकेमागे चार गुण वजा होत.

तिच्या घरी सुदैवाने नेमके तीन श्रोते होते. वडील शिंपी होते आणि बाहेरच्या खोलीतच शिवणयंत्रावर बसत. आई दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर काढून द्यायची. आत्या निवृत्त झाल्यापासून विणकाम करीत होती आणि ते थांबवण्याचा तिचा विचार नव्हता. इंग्रजी तिघांनाही येत नव्हते, पण तशी अट पत्रात कुठेच नव्हती.

"बाबा, यंत्र थांबवा ना जरा. आवाज ऐकू आला का, असं विचारलंय त्यांनी."

"आला की. यंत्र चालू असताना आला, म्हणजे जास्तच आला," वडील म्हणाले. "पण तुझा डावा खांदा उतरतोय. एरवी अर्धा इंच. त्या लांबलचक शब्दाला तर पाऊण."

"कंटॅमिनेशन."

"तोच. तो काढून टाक. अंगावर बसत नाही तुझ्या."

आत्याने डोळे पुसले. "किती छान बोलते गं पोर! कोण गेलं पण?"

"आत्या, कुणी गेलं नाही. नळाच्या पाण्याचा नमुना कसा घ्यायचा, ते सांगतेय मी."

"नळाचं आहे होय! तुझा चेहरा बघून मला वाटलं, कुणी जवळचं असेल."

ज्याला काहीच कळलेले नसते, त्याला शंका येण्याचे कारण नसते. त्यामुळे घरातले सर्व अभिप्राय निर्दोष भरले जात होते. खिडकीवरच्या अनुभवामुळे आईचा हात तर इतका बसला, की तिसाव्या सरावापासून ती मुलीची वाट पाहीनाशी झाली.

"आई, मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही!"

"तू बोल गं आरामात. मी आपली पुढे होते."

पन्नास सरावांचे दीडशे कागद शिवून तयार झाले तेव्हा ती ते बाड घेऊन प्राध्यापिकाबाईंकडे गेली. बाई मनाने प्रेमळ होत्या. फक्त नोकरीत बरीच वर्षे झाली होती. त्यांनी कागद न वाचता मोजले, समाधानाने मान हलवली आणि मग शीर्षकाशी अडल्या.

"नळाच्या पाण्याचा नमुना कसा घ्यावा? हा विषय मान्य दहा विषयांत नाही बाळा."

"पण मॅडम, मला हाच नीट येतो."

"तेच तर म्हणते. येत असलेल्या विषयावर काय, कुणीही बोलेल. त्यात भाषणकला कुठे आली?"

मुलगी रडवेली झाली. दीडशे सह्या पुन्हा गोळा करायच्या, तर एक तारीख उलटून गेली असती. बाईंना दया आली. त्यांनी यादीतल्या सातव्या क्रमांकाखाली, 'पाण्याचे महत्त्व' या विषयात, ते भाषण बसवून दिले आणि शक्यतो माहिती टाळण्याचा सल्ला दिला.

परीक्षेच्या खोलीत वीस श्रोते लागत. विद्यार्थी एकोणीसच जमले, म्हणून बाहेरच्या व्हरांड्यात बेसिनखाली आडव्या झालेल्या नळकारागिराला हात पुसून आत बसवण्यात आले. त्यात कुणाचा काही डाव नव्हता. नियमाला विसावे माणूस हवे होते, इतकेच. तिच्याआधी पाच जण 'वेळेचे महत्त्व' या विषयावर बोलले. पाचही भाषणे वेळेपेक्षा लांबली. पाचही वेळा टाळ्या झाल्या आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाचही वेळा डोळे उघडून गुण दिले.

मग ती उभी राहिली. पहिली दोन वाक्ये तिने घाईघाईत उरकली. पण तिसऱ्या वाक्यात नळ सोडायचा होता, आणि तो सोडण्यासाठी तिचा हात आपोआप पुढे आला. तिथून ती भीती विसरली. तिने न दिसणारा नळ पुसला, सोडला, तीन मिनिटे वाहू दिला; न दिसणाऱ्या बाटलीचे झाकण आतून बोट लागू न देता उघडले; वर थोडी जागा ठेवून बाटली भरली. कंटॅमिनेशन म्हणताना डावा खांदा उतरलाही नाही. भाषण संपले. टाळ्या सुरू होणार, इतक्यात मागच्या बाकावर एक हात वर झाला.

"ताई, एक विचारू का?" नळकारागीर म्हणाला. "तीन मिनिटं पाणी सोडून द्यायचं म्हणालात. ते का?"

प्राध्यापिकाबाईंनी डोळे मिटून घेतले. मुलीने मात्र नियमाप्रमाणे आधी इंग्रजीत आणि मग माणसाप्रमाणे साध्या बोलीत उत्तर दिले, "पाइपात साचलेलं पाणी निघून जावं म्हणून. आपल्याला मोठ्या वाहिनीतलं पाणी तपासायचं असतं."

"मग लोक सकाळी उठल्याउठल्या पितात ते कुठलं? ते पाइपात साचलेलंच असतं की."

"अगदी बरोबर! त्याचा नमुना वेगळा घ्यावा लागतो. पहिल्या धारेचा."

"आणि पाइप जुना असला तर?"

तिने तेही सांगितले. इतके नीट सांगितले, की त्यातून चौथा प्रश्न निघाला. परीक्षकांनी चष्मा काढला.

"हे काय चाललंय? तुम्हाला इंग्रजी येतं का?"

"नाही साहेब. पण टॅप, बॉटल, मिनिट, व्हॉल्व्ह, हे आमचंच बोलणं की. राहिलेलं ताईंच्या हातावरून कळलं. मी ऐकत होतो."

"ऐकायलाच बसवलंय तुम्हाला, ते मान्य. पण इतकं?"

निकाल तिथेच लागला. पंचवीसपैकी बावीस गुण, चार शंकांचे सोळा वजा, शिल्लक सहा. उत्तीर्ण होण्यास दहा लागत. 'वेळेचे महत्त्व' वाले पाचही जण प्रथम श्रेणीत आले.

दुसऱ्या दिवशी ती परीक्षा विभागाच्या अधीक्षकांपुढे उभी राहिली. तिच्या हातात नळकारागिराचे अभिप्राय पत्र होते. तिसऱ्या प्रश्नापुढे त्याने ठसठशीत अक्षरांत लिहिले होते : 'होय. चार. चारही फिटल्या.'

"फिटल्या, हा शब्द नमुन्यात नाही," अधीक्षक म्हणाले.

"पण सर, शंका राहिलीच नाही ना मग."

"राहिली नाही, पण आली होती ना? ज्यांना ती आलीच नाही अशी एकोणीस माणसं त्याच खोलीत बसली होती. त्यांच्यावर अन्याय करू का मी?"

"सर, त्यातले सहा जण झोपले होते."

"पाहा!" अधीक्षकांचा आवाज आदराने हळू झाला. "झोपेतसुद्धा शंका आली नाही. याला म्हणतात सुस्पष्ट भाषण."

फेरपरीक्षा अठ्ठावीस तारखेला होती आणि तिला जुनेच दीडशे कागद चालत होते. प्राध्यापिकाबाईंनी तिला बाजूला घेतले, पाठीवरून हात फिरवला आणि एकच सांगितले, "नोकरी हवी ना? मग या वेळी कुणाला काही कळेल असं बोलू नकोस."

घरचे तिन्ही श्रोते कामाला लागले. विषय निवडला 'जीवनात भाषणाचे महत्त्व'. पुस्तकातून, वर्तमानपत्रांतून आणि जुन्या स्मरणिकांतून वाक्ये जमवली. अडचण एवढीच होती, की मधूनच तिला स्वतःला काहीतरी सांगायचे असे. मग तिचा आवाज बदलायचा आणि हात पुढे यायचा. हे ओळखायला इंग्रजी लागत नव्हते. आत्याच्या विणकामाच्या सुया थांबल्या, की वडील यंत्रावरूनच म्हणत, "इथे काहीतरी अर्थ आलाय बघ. काप ते वाक्य."

"बाबा, हे एक तरी राहू द्या ना. मनापासून लिहिलंय."

"कापडात गाठ दिसली तर मी गिऱ्हाइकाला सांगत बसतो का, की मनापासून आलीय म्हणून? काप."

चौथ्या दिवशी सुया सलग तीन मिनिटे चालल्या. आई समाधानाने म्हणाली, "हां, आता जमलं. ऐकू सगळं येतंय, पण काही होत नाही."

फेरपरीक्षेला नळकारागीर न बोलावता आला. केस नीट विंचरले होते आणि खिशात चार घड्या घातलेला कागद होता, त्यावर त्याने आठवडाभरात सुचलेले दोन प्रश्न लिहून आणले होते. मुलीने त्याला पाहिले. तिने त्याच्याकडे पाहायचे टाळले आणि भिंतीवरच्या एका डागाला उद्देशून बोलायला सुरुवात केली. एकविसाव्या शतकाची आव्हाने आली. यशाची गुरुकिल्ली आली. तरुणाई दोनदा आली. पहिल्या मिनिटाला नळकारागीर पुढे झुकून बसला होता. दुसऱ्या मिनिटाला तो मागे टेकला. तिसऱ्या मिनिटाला त्याने कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पंचवीसपैकी चोवीस गुण पडले. एक गुण विनयासाठी राखून ठेवण्याची प्रथा होती.

ती व्हरांड्यात आली तेव्हा तो हत्यारांची पिशवी घेऊन उभा होता.

"ताई, आज तुम्ही काही बोललाच नाहीत."

"अहो काका, तीन मिनिटं बोलले की!"

"हो. ते ऐकलं मी," तो म्हणाला, आणि बेसिनच्या दिशेने निघून गेला.

एक तारखेला ती दाखला घेऊन प्रयोगशाळेत हजर झाली. तिथे तिने पंधरा दिवस मनापासून पाणी तपासले. मग वरिष्ठांच्या ध्यानात आले, की चोवीस गुणांची मुलगी बाटल्या भरण्यात वाया जाते आहे. अहवालांवरून लोक फार प्रश्न विचारीत आणि त्यात कार्यालयाचा वेळ जाई. तिला नागरिक संवाद विभागात नेमण्यात आले. आता ती ठिकठिकाणी जाऊन पाण्याचे अहवाल लोकांना समजावून सांगते, आणि ती बोलून गेल्यावर त्या भागातून एकही प्रश्न येत नाही.

गेल्या रविवारी ती आपल्याच वसाहतीच्या सभागृहात आली होती. अकरा मिनिटे बोलली. आपण तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली बसला होता. मुलगी किती सफाईने इंग्रजी बोलते, असे आपण शेजारच्या गृहस्थांना म्हणालातही. शेवटी कागद वाटले गेले, तेव्हा आपण त्यांचेच पेन मागून घेऊन 'काही शंका आली का?' यापुढे 'नाही' असे लिहिलेत आणि खाली लफ्फेदार सही केलीत. आपल्या नळाचे पाणी पिण्यास योग्य आहे की नाही, हे तिने त्या अकरा मिनिटांत दोनदा सांगितले होते. टाळ्या आपणच सुरू केल्या होत्या, तेव्हा आपल्याला आठवत असेलच. हातातला तो पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी जरा सांगता का, काय म्हणाली होती ती?