लढाईसाठी घेतलेली दूध पावडर

पासष्टच्या लढाईत तुम्ही काय केलं, असं कोणी विचारलं की मी विषय बदलतो. मी दूध पावडर घेतली. एवढंच केलं, पण तेवढ्यानं आमच्या घरात जे पेटलं, त्यापुढे सरहद्द परवडली.

मोताळ्याच्या पंचायत समितीत मी कारकून. आमचे हेडक्लार्क वामनराव रेडिओ ऐकून यायचे आणि बातमीत पदरची भर घालून सांगायचे. "भगवंतराव, इमानं इकडेबी येऊ शकतात. सहा महिन्याचं सामान भरून ठेवा!"

लोकांनी ज्वारी भरली, डाळ भरली. मी म्हटलं, ज्वारी तर आहेच, दुधाचं काय? पहिलं विमान दिसताच आमचा जानराव गवळी म्हशींसकट रानात पळणार. (म्हशी कदाचित थांबल्याही असत्या. जानराव नाही.) आणि सकाळचा चहा मिळाला नाही तर मला बुशकोटाची बटणंही नीट लावता येत नाहीत. तेव्हा ठरलं, दूध पावडर. अन्नपूर्णेला, म्हणजे आमच्या मंडळींना, सांगितलं नाही. दारात म्हशीचं दूध येत असताना डब्यातलं आणतो म्हटल्यावर तिनं मलाच रानात धाडलं असतं.

रविवारी खामगावला गेलो. दुकानदारानं भला मोठा डबा काढला. डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र.

"किती महिने?" त्यानं विचारलं.

मला वाटलं, लढाईचं विचारतोय. "काई सांगता येत नाई भाऊ. आमचे हेडक्लार्क म्हन्तात सहा."

"हेडक्लार्क?" तो जरा माझ्याकडे बघत राहिला. "पयलंच का?"

"छ्या! बासष्ट साली झालंच ना एक. महिनाभरात आटपलं."

त्याचा चेहरा पडला. "अरेरे! देवाची मर्जी. या टायमाले सगळं नीट होईन."

"आपनच जिकू!" मी छाती काढून म्हणालो. त्यानं डबा कागदात बांधून दिला आणि हात जोडले. मला वाटलं, काय देशभक्त माणूस आहे!

परतीच्या एस.टी.त शेजारच्या सिंधूताई भेटल्या. खड्ड्यांनी कागद फाटला आणि बाळानं डोकं बाहेर काढलं.

"अगं माय! भाऊजी, हे काय?"

साठेबाजांना पकडताहेत असं पेपरात आलं होतं. मी कुजबुजलो, "सिंधूताई, कोनाले बोलू नका. माही नोकरी जाईन."

"पन अन्नपूर्णाबाईले..."

"तिले तर मुळीच नाई! तिले पत्ताच नाई."

सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला आणि मोताळा येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून बसल्या.

डबा मी माळ्यावर गोधड्यांमागे लपवला. दुसऱ्या दिवसापासून गाव बदललं. शेजारणी मला पाहून दारं लावू लागल्या. ऑफिसात शिपाई उठून उभा राहू लागला. (इतक्या वर्षांत तो माझ्यासाठी कधी हललासुद्धा नव्हता.) कॅशिअरनं पान पुढे केलं आणि "तब्येतीले जपा" म्हणून डोळा मारला. घरी अन्नपूर्णा बोलेना. ताट आपटून वाढायची, डोळे सुजलेले. विचारलं तर म्हणे, "तुमाले माहीत!" मला वाटलं, डबा सापडला. पण डब्यासाठी कोणी एवढं रडतं का? मला काहीच उमगेना.

मग लोणारहून तिचा थोरला भाऊ पुंजाजी आला. माणूस दाराएवढा. काठी कोपऱ्यात ठेवायची सोडून मांडीवर घेऊन बसला.

"जवाई, मले सगळं समजलं. खरं बोला. कोठी ठेवली तिले?"

पावडरीचंच विचारतोय, दुसरं काय! मी मान खाली घातली. "माळ्यावर."

"माळ्यावर!" पुंजाजी ताडकन उठला. "माह्या बहिनीच्या डोक्यावर?"

"खाली ओल असते भाऊ. खराब होते."

"अन् खायले-प्यायले?"

"तिले काई लागत नाई. झाकन घट्ट लावलं का सालभर टिकते."

अन्नपूर्णेनं हंबरडा फोडला. पुंजाजी काठीसकट शिडी चढला. वरून गोधड्या पडल्या, धूळ पडली, दोन शिंका ऐकू आल्या, आणि मग तो डबा पोटाशी धरून खाली उतरला. चेहऱ्यावर माझ्याइतकाच गोंधळ.

"बाई कोठी हाय?"

"कोनती बाई?"

"जिच्या लेकरासाठी हा डबा आनला, ते बाई!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सगळं सांगितलं, विमानं, जानराव, म्हशी, चहा. पुंजाजीनं काठी खाली ठेवली. अन्नपूर्णा मात्र डब्याकडे बघतच राहिली.

"चहासाठी?" ती म्हणाली. "अन् मी इकडे माहेरी जाऊन कोन्त्या तोंडानं सांगू, हा इचार करकरून मरून राह्यली होती!" आणि पुन्हा रडली. पण या वेळी माझ्या खांद्यावर. मला त्या विमानांचे आभार मानावेसे वाटले.

मग तिनं त्याच पावडरीचा चहा केला. पुंजाजीनं घोट घेतला, थोडा वेळ चावला आणि म्हणाला, "जवाई, लढाई आली तरी मी कोराच पीन."

खरी हकीकत सिंधूताईंनीच घरोघरी पोचवली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर शिपाई बसूनच होता. वामनरावांनी मात्र मला जवळ बोलावलं.

"मी पयल्याच दिवशी सगळ्यायले सांगतलं होतं, आपले भगवंतराव त्यातले नाईत म्हून."

माझा ऊर भरून आला. "वामनराव, माह्या चारित्र्यावर तुमचा एवढा इस्वास!"

"चारित्र्याचं कोन बोलून राह्यलं?" वामनराव फाईल उघडत म्हणाले. "मी म्हनलं, हा मानूस एवढी हिंमत आनीन कोठून?"